किंक्रांत टाळून आणलेली जीप

दौलत परबनं जीप घेतली ती निव्वळ हौसेखातर, असं लालबागच्या त्याच्या चाळीत पुष्कळ दिवस बोललं जात होतं. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? हौस त्याला होती, हे काही खोटं नाही. लढाईत तो ब्रह्मदेशात अशाच जीपवर ड्रायव्हर होता. गुडघाभर चिखलातून त्यानं साहेबांना आणि जखमींना सारख्याच बेफिकिरीनं वाहून नेलं होतं. परत आल्यावर गिरणीच्या कापसाची लॉरी हाकत असला, तरी रस्त्यात कुठे जीप दिसली की त्याची मान आपसूक वळायची. पण हौसेसाठी गाडी घेण्याइतका तो खुळा नव्हता. गाडी घेतली ती धाकट्या भावाला जिवंत मुंबईबाहेर काढायला.

धाकटा म्हणजे जयवंत. वय बावीस, त्याच गिरणीत विणकाम खात्यात. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तो पहिल्यापासून होता. सभेच्या सतरंज्या घालण्यापासून पत्रकं चिकटवण्यापर्यंत सगळं हौसेनं करायचा. नोव्हेंबरात फोर्टात गोळीबार झाला तेव्हा तो मोर्चात होता. त्याच्या खांद्याला खांदा लावून चाललेला माणूस बोलता बोलता खाली बसला तो उठलाच नाही. त्या दिवसापासून जयवंतचं हसणं गेलं. पोलिसांच्या यादीत आपलं नाव आहे असं कळल्यावर त्यानं घरी निजणंही सोडलं. चिंचपोकळीच्या पुलाखाली कोंडीराम नावाच्या त्याच्या दोस्ताचा लेथचा कारखाना होता, कारखाना कसला, दोन यंत्रं आणि एक माळा, तिथे तो राहू लागला. इकडे आई, मीराबाई, रोज दोघांचा भात शिजवायची आणि त्यातला एकाचा सकाळी गाईला घालायची.

दौलतला भाऊ पुरता ठाऊक होता. 'पळून जा' म्हटलं तर तो हटून बसला असता. 'गाडी चालवायला चल' म्हटलं तर कदाचित आला असता, कारण गाडीचं वेड दोघांत वाटून आलं होतं. गावाकडे एसटी कणकवलीपर्यंत जायची; पुढे दोन ओढे, एक चढण आणि तंगडतोड. तिथे जीप धावू लागली तर माणसं बसतील, आंब्याच्या पेट्या येतील, अडलेली बाळंतीण वेळेवर दवाखान्यात पोचेल. जयवंतनं ती गाडी चालवायची, वर्षभर गावी राहायचं आणि इथलं काय ते निवेपर्यंत मुंबईचं तोंड बघायचं नाही, असा दौलतचा बेत होता; आईलाही तो ठाऊक होता.

जीप मिळाली गिरगावात. मनमोहनराव तळपदे नावाचे जुन्या मुंबईकर घराण्यातले गृहस्थ होते. लढाई संपल्यावर सरकारनं गाड्या कवडीमोलानं विकून टाकल्या तेव्हा त्यांनी ही शिकारीसाठी घेतली होती. आता मोतीबिंदूनं त्यांना समोरची भिंत दिसत नव्हती, तिथे सांबर कुठून दिसणार? वाडीच्या मागे, पूर्वी जिथे त्यांची घोडागाडी उभी असे त्या तबेल्यात जीप तीन वर्षं धूळ खात पडली होती. दौलतनं चार रविवार खपून तिचं इंजिन बोलतं केलं. रंग मात्र तोच होता, लष्करी हिरवट. बॉनेटवरचा पांढरा तारा कुणीतरी रंगवून झाकला होता, तरी उन्हात तो खालून डोळे उघडायचा. गावी गेल्यावर लाल रंग देऊ, असं दौलतनं ठरवलं होतं.

संक्रांतीच्या आधी दोन दिवस तो कारखान्यात जाऊन भावाला भेटला. जीपचं वर्णन ऐकताना जयवंतच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांनी रंग आला. चारही चाकं जोर करतात का, ओढ्यात पाणी किती चालेल, पुढची काच आडवी पडते का, सगळं त्यानं विचारून घेतलं. मग लेथवरचा कीस बोटानं गोळा करत तो म्हणाला, "गाडी आयतवारी हाड, दादा. आयतवारी मी बसतंय. सोमवाराचा माका विचारू नको."

रविवारीच का आणायची, ते दौलतला कळत होतं. दिल्लीचा निकाल आज लागेल की उद्या लागेल असं चाललं होतं. तो एकदा लागला आणि मुंबई हातची गेली, की पोरांना रस्त्यावर सोडून जयवंत हलणार नव्हता. निकालाच्या आधी गेला तर तो गावी चालला. नंतर गेला तर तो पळाला. त्याच्या हिशेबी फरक एवढाच होता, पण तो फार मोठा होता.

ठरलं ते असं. पुलाच्या पायथ्याशी जीप थांबवायची, तीन वेळा हॉर्न द्यायचा, जयवंत पिशवी घेऊन बाहेर येईल. घरी आईला नमस्कार करून तसंच पुढे सुटायचं. आणि रविवारचं बोलणं आईला सांगायचं नाही. सांगितलं तर ती लाडू वळायला बसेल आणि चाळीत सगळ्यांना कळेल. निघताना जयवंत मागून म्हणाला, "गाडी तुझी, नारळ माझो." नव्या गाडीपुढे नारळ तो फोडणार होता.

आता त्या वर्षी संक्रांत आली शनिवारी. म्हणजे रविवारी किंक्रांत, अशुभ मानलेला करिदिन. हे दौलतच्या ध्यानातच नव्हतं. पुरुषांच्या ध्यानात सण राहतात ते खाण्यापुरते. शनिवारी संध्याकाळी तिळाचा लाडू हातावर ठेवताना आईनं गाडीचं विचारलं, आणि 'उद्या आणतो' म्हणताच तिनं हात मागे घेतला.

"उद्या करिदिन. करिदिनाक नवी वस्तू घराक हाडूची नाय," ती म्हणाली. "सोमवारी हाड. एका दिसान काय बिघाडता?"

तिचं दुसरंही एक सांगणं होतं. गाडीला पहिलं कुंकू आपलं लागलं पाहिजे. विकणाऱ्या घरचं कुंकू, हार, काही घ्यायचं नाही. ते घेतलं तर गाडीचं मन जुन्या मालकाकडे राहतं. तिच्या माहेरी बैल विकत आणताना असंच करत, मग जीप काय बैलाहून वेगळी?

दौलतनं तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. 'आये, जयवंत रविवारीच येतो म्हणालाय', एवढं एक वाक्य पुरलं असतं. मुलगा की मुहूर्त असं समोर आलं असतं तर त्या माउलीनं पंचांग चुलीत घातलं असतं. पण एक तर भावाला शब्द दिलेला. आणि दुसरं म्हणजे, खरं सांगायचं तर, त्याच्याही मनात कुठेतरी पाल चुकचुकली होती. अकरा वर्षं गाडीवर बसलेला माणूस लिंबू-मिरचीला हसत नाही. भावाला घाट उतरून न्यायचं आहे, मग उगीच करिदिनी का निघायचं? एका दिवसानं काय बिघडतं, असं तो स्वतःशीही म्हणाला.

रविवारी सकाळी तो पायी पुलाखाली गेला. जयवंत तयार बसला होता. अंगात धुतलेला सदरा, पायाशी खाकी पिशवी, पिशवीवर नारळ. दौलतनं चाचरत किंक्रांतीचं सांगितलं. जयवंत रागावेल असं त्याला वाटलं होतं.

"दादा, तूसुद्धा?" एवढंच तो बोलला. मग नारळ उचलून त्यानं फळीवर ठेवला आणि आत निघून गेला. सोमवारी येशील ना, याचं उत्तर त्यानं दिलं नाही. दौलत थोडा वेळ दारात उभा राहून घरी परतला.

सोमवार उजाडला तोच वाईट. पहाटे पुढाऱ्यांची धरपकड झाल्याची बातमी दूधवाल्याबरोबर चाळीत आली. गिरण्यांचे भोंगे झाले, पण माणसं दारातच घोळके करून उभी राहिली. संध्याकाळी दिल्लीहून रेडिओवर भाषण आहे आणि त्यात मुंबईचं काय ते ठरणार, असं ज्याच्यात्याच्या तोंडी होतं. दुपारच्या आत भावाला गाडीत घातलं पाहिजे, असं म्हणत दौलतनं, चांगला सदरा तेलानं खराब होईल म्हणून, लष्करातला जुना खाकी शर्ट चढवला आणि ट्राम धरून गिरगाव गाठलं.

घाईच्या वेळी गाडी कधी सुरू होते? हँडल मारून मारून त्याचा खांदा कुरकुरू लागला. प्लग काढले, पुसले, घातले. तळपद्यांच्या ओट्यावर मनमोहनराव खुर्ची टाकून नुसता आवाज ऐकत होते आणि आवाजावरून कुठे बिघडलंय ते सांगत होते. अडीच वाजता इंजिननं एकदाचा खाकरा काढला आणि ते धडधडू लागलं.

मनमोहनरावांची पत्नी यशोदाबाई तबक घेऊन बाहेर आल्या. तबकात कुंकू होतं आणि झेंडूची चांगली जाडजूड माळ. गाडी या घरात दहा वर्षं राहिली, तिला रिकामी कशी पाठवायची, असं त्यांचं म्हणणं. दौलतनं हात जोडले. पहिलं कुंकू आईचं, असं त्यानं सांगितलं. बाई समजूतदार, त्यांनी तबक खाली ठेवलं. पण मनमोहनराव खुर्चीतून उठले, चाचपडत गाडीपाशी आले आणि त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला.

"दौलत, आज नेऊ नका," ते म्हणाले. "मला दिसत नाही, पण रस्ता ऐकू येतो. ट्राम बंद झालीय बघा. ही गाडी दिसते कशी ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्यात तुम्ही खाकी घातलंय असं ही म्हणते. निदान ती माळ तरी बांधा. बघणाऱ्याला कळेल की ही घरची गाडी आहे."

सल्ला लाखमोलाचा होता. पण दौलतच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. काल गेला, आज चालला, आणि संध्याकाळी ते भाषण. 'आईला शब्द दिलाय' म्हणत त्यानं माळ नाकारली. शिकारीत गाडीच्या कुशीला बंदूक अडकवायचे दोन लोखंडी आकडे होते, ते मनमोहनराव गाडी हलेपर्यंत हातानं चाचपून बघत राहिले.

गाडी वाडीबाहेर पडली आणि दौलतला क्षणभर सगळं विसरायला झालं. डाव्या हाताचं स्टिअरिंग, मांडीजवळ थरथरणारी ती आखूड दांडी, समोरची पाडलेली काच, तोंडावर येणारा वारा. ऑपेरा हाऊसच्या चौकात एक हवालदार उभा होता. जीप जवळ येताच त्यानं टाचा जुळवल्या आणि खाडकन सलाम ठोकला. दौलतला हसू आलं. त्यानंही गमतीत मान तुकवली. घरी गेल्यावर जयवंतला हे सांगायचं, असं त्यानं मनात ठेवलं.

लॅमिंग्टन रोडला त्याचं हसू मावळलं. तो ज्या दुकानासमोरून जाई त्याची फळी पडत होती. आधी त्याला वाटलं, हरताळ आहे म्हणून. मग त्यानं आरशात पाहिलं. तो पुढे गेला की मागे तीच फळी हळूच वर होत होती आणि डोकी बाहेर येऊन त्याच्या पाठीकडे बघत होती. लोक हरताळासाठी दुकानं बंद करत नव्हते, त्याला पाहून करत होते. एका बाईनं ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला दंडाला धरून आत ओढलं. म्हाताऱ्यानं जाता जाता दौलतकडे पाहून हात जोडले, देवाला जोडतात तसे नव्हेत.

सगळा रस्ता त्याच्यासमोर रिकामा होत चालला होता. इंजिनाखेरीज आवाज नाही. दौलत बंदोबस्तातल्या रस्त्यांवरून लॉरी घेऊन पुष्कळदा गेला होता, पण आपणच तो बंदोबस्त आहोत असं त्याला कधी वाटलं नव्हतं. मागे फिरावं, यशोदाबाईंची माळ घ्यावी, असं एकदा मनात आलं. पण निघालेल्या कामातून माघारी फिरणं अपशकुनाचं. शर्ट काढून टाकावा असंही वाटलं. मग उघड्या अंगानं नवी गाडी घरी न्यायची का? असले विचार करत माणूस संकटाच्या दारापर्यंत कसा व्यवस्थित जातो, ते पाहिलं की राग येतो.

भायखळ्याच्या पुढे पहिला दगड आला. मागच्या पत्र्यावर आदळून तो रस्त्यात गेला. कुणी मारला ते दिसलं नाही. दौलतनं मान खाली घातली आणि गाडी दामटली. उजव्या बाजूची रिकामी सीट धक्क्यांनी वरखाली उडत होती. तो तिच्याकडे बघून भावाला मनातल्या मनात विनवत होता, बाहेर ये बाबा, एवढा एकदा ये, शिव्या मग सावकाश दे.

चिंचपोकळीच्या पुलाच्या पायथ्याशी तो थांबला. रस्त्यात विटा, फुटक्या सोडावॉटरच्या बाटल्या, उलटी पडलेली एक हातगाडी. माणूस एक नाही. वर पुलावर पोलिसांचा एक ट्रक उभा होता, त्याचं तोंड इकडेच होतं. दौलतला वाटलं, आता हॉर्न देऊ नये. पण मग इथवर आलो कशाला?

त्यानं तीन वेळा हॉर्न दिला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग दोन्हीकडच्या गच्च्यांवरून एकदम दगडांचा वर्षाव सुरू झाला. हेडलाइट फुटला. दौलत स्टिअरिंगखाली वाकला आणि हातांनी डोकं झाकून बसला. तेवढ्यात गल्लीतून ओळखीचा आवाज आला. "अरे, मारू नका! आपली गाडी हा ती! माझ्या भावाची गाडी!"

जयवंत बाहेर आला होता. धुतलेला सदरा, खांद्याला खाकी पिशवी. डावा हात वर करून तो गच्चीवरच्या पोरांना थांबवत होता. पोरांनी त्याला ओळखलं आणि दगड थांबले. तो रस्त्यात आला, जीपच्या पुढे उभा राहिला, आणि दोन महिन्यांनी प्रथमच दौलतनं त्याला हसताना पाहिलं. गाडी त्याला आवडली होती. त्याच्या उजव्या हातात नारळ होता. आईची रीत मोडायची नाही म्हणून त्यानं तो पुढच्या चाकासमोर फोडण्यासाठी डोक्यावर उचलला.

पुलावरून ते कसं दिसलं असेल, हे दौलतनं नंतर आयुष्यभर डोळ्यांसमोर आणून पाहिलं. आपल्या गाड्यांसारखीच एक जीप दगडांच्या माऱ्यात सापडलेली. आत खाकीतला एक माणूस वाकलेला. आणि समोर एक पोरगा, हातात काहीतरी गोल घेऊन, तो हात उगारून उभा. माळ असती तर?

गोळी एकच सुटली. जयवंत खाली बसला. नारळ त्याच्या हातातून सुटून घरंगळत चाकाशी आला आणि तिथे थांबला, न फुटता.

कोंडीराम धावत आला. दोघांनी मिळून त्याला मागच्या बाकावर आडवं केलं. कोंडीरामनं पिशवी आणि नारळही सवयीनं गाडीत टाकला, सामान विसरू नये तसा. पुलावरून पुन्हा कुणी झाडली नाही. दौलतनं जीप वळवली आणि आडगल्ल्यांतून परळचं इस्पितळ गाठलं. ब्रह्मदेशात इतक्या जखमींना पोचवलं, त्यांतल्या कुणासाठीही त्यानं अशी गाडी मारली नव्हती. डॉक्टरांनी मनगट धरलं, डोळ्यांची पापणी वर करून पाहिली आणि हात काढून घेतला. देह उद्या मिळेल, आधी पंचनामा, असं कारकुनानं सांगितलं.

बाहेर कोंडीराम भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "काल दिवसभर हुं की चुं नाय केलं त्यानं. आज सकाळपासून पिशवीवर बसून होता. मी म्हटलं, भाषण ऐकून जा. तर म्हणाला, भाषणाच्या आधी दादाचा हॉर्न वाजला तर मी सुटलो."

म्हणजे तो येत होता. सोमवारचं विचारू नको म्हणणारा सोमवारीही येत होता. दौलतनं इस्पितळाच्या नळावरून बादल्या आणून मागचा बाक धुतला, पत्रा धुतला, पुन्हा बाक धुतला, अंगातला शर्टही धुऊन ओलाच चढवला. पिशवी त्यानं कोंडीरामच्या हातात दिली. ही माळ्यावर ठेव आणि घरी कधी आणू नको, असं तो का म्हणाला ते त्याचं त्यालाही तेव्हा सांगता आलं नसतं. देहापाशी कोंडीराम बसला. आईला सांगायला दौलत निघाला.

लालबागला पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. चाळीच्या अंगणात चिटपाखरू नव्हतं. सगळी चाळ नाक्यावरच्या हॉटेलात रेडिओपाशी गोळा झाली होती. तिथून ते भाषण अंगणात ऐकू येत होतं, दुरून, खरखरत. मीराबाई एकटीच दाराशी उभी होती. हातात तबक, शेजारी पाण्याचा तांब्या, पायाशी लिंबू. दुपारपासून ती तशीच वाट बघत होती.

तिनं आधी गाडीकडे पाहिलं आणि मग उजवीकडच्या रिकाम्या सीटकडे.

"जयवंत खंय रवलो?"

सांगण्यासाठीच तो आला होता. वाटभर शब्द जुळवले होते. पण तबकातल्या वातीचा उजेड तिच्या चेहऱ्यावर हलत होता, आणि दौलतच्या तोंडून भलतंच निघालं.

"तो येत नाय म्हणालो, आये."

तिचे ओठ घट्ट मिटले. मग नव्या गाडीसमोर तोंड वाईट करू नये म्हणून तिनं पदर सावरला आणि कामाला लागली. भाकरतुकडा ओवाळून टाकला. फुटका दिवा जुन्या गाडीचाच समजून तिनं चाकांवर पाणी घातलं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, बरोबर त्या झाकलेल्या ताऱ्यावर. मागे गेली, बाकाला हात लावून पाहिला, तो ओला लागला.

"धुवन हाडलंस? बरा केलंस," ती म्हणाली. आणि मग तिला सीटखाली नारळ दिसला. "ह्यो खंयचो?"

"वाटेत घेतलो," दौलत म्हणाला.

तिनं तो पायरीवर आपटून फोडला. आतून पांढराशुभ्र, गोड निघाला. नासका निघाला असता तर तिला धस्स झालं असतं. आता ती दोन महिन्यांत पहिल्यांदा जरा सैलावली. लिंबू चाकाखाली ठेवून तिनं गाडी हातभर पुढे घ्यायला लावली. दौलतनं घेतली. मग खोबऱ्याचा एक तुकडा तिनं त्याच्या हातावर ठेवला आणि दुसरा पदराच्या टोकात बांधला.

"ह्यो जयवंताक ठेवतंय. राग गेलो की येतलो," ती म्हणाली. गाडीवरून हात फिरवत तिनं पुढे म्हटलं, "कालचो दिस टाळलो, ता बरा केलंस."

हॉटेलात भाषण संपलं होतं. मुंबई महाराष्ट्राला मिळाली नव्हती. एक मोठा कल्लोळ उठला आणि माणसं अंगणाकडे येऊ लागली. त्यांच्यात चिंचपोकळीहून धावत आलेला कुणीतरी होता, आणि तो धापा टाकत परबांचं दार विचारत होता. दौलत खोबऱ्याचा तुकडा मुठीत धरून गाडीपाशीच उभा राहिला.

तेराव्याला माणसं पांगल्यावर आईनं त्याला जवळ बसवलं. दौलतची गाडी गेल्यावर जयवंतला पुलाखाली गोळी लागली, एवढंच तिला ठाऊक होतं; बाकीचं कोंडीरामनं आणि पुलाखालच्या पोरांनी दौलतच्या सांगण्यावरून पोटात ठेवलं होतं. तिनं हिशेब मांडायला सुरुवात केली आहे हे त्याला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तिनं विचारलं, "आयतवारी गाडी हाडली असती तर तो इलो असतो रे?"

खरं सांगितलं तर मुलगा आपलं ऐकत होता, येत होता, हे तिला कळलं असतं. त्याहून मोठं सुख तिला दुसरं नव्हतं. आणि त्याच्याच पाठोपाठ तिला रविवार कळला असता. ती माळही कळली असती.

"नाय गो आये," दौलत म्हणाला. "तो येवचोच नव्हतो. आयतवारीय नाय नि सोमवारीय नाय."

"हट्टी होतो," ती म्हणाली. "बापाशीवर गेलो होतो."

पुढे चार वर्षांनी मुंबईसह महाराष्ट्र झाला. लालबागला दिवाळीसारखे दिवे लागले तेव्हा तिनं जयवंतच्या फोटोला हार घातला आणि घालता घालताही पुटपुटली की आईचं ऐकलं असतंस तर आज बघायला असतास. दर किंक्रांतीला ती हेच म्हणे, आणि त्या दिवशी दौलतला घराबाहेर पाऊल टाकू देत नसे. तो मुकाट बसून राही. जीप त्यानं कधीच विकून टाकली होती. कोंडीरामच्या माळ्यावरची पिशवी मात्र तो मधूनमधून जाऊन बघून येई. तिच्यात दोन सदरे होते, एक जुना पाना होता, आणि कागदात बांधलेले, आईला देण्यासाठी घेतलेले चार तिळाचे लाडू.